राजाबाई मनोरा आणि विद्यापीठाची वास्तु

आपल्या ज्ञातिसंस्थेच्या यंदाच्या स्मरणिकेसाठी एखादा ऐतिहासिक लेख लिहून द्यावा, अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा प्रथम आम्हांस संकोच वाटला. आम्ही शालान्त परीक्षेपलीकडे गेलो नाही. उभे आयुष्य प्राथमिक शाळेतील मुलांना पाढे आणि कविता शिकविण्यात गेले. इतिहास लिहिण्याचा अधिकार विद्वानांचा. आमच्यासारख्याने तो वाचावा आणि वर्गात सांगावा, एवढेच. तथापि एका विषयावर लिहावे असे फार दिवस मनात होते, आणि त्याचे कारण एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारलेला प्रश्न. त्या प्रश्नाचे उत्तर आम्ही त्या वेळी दिले नाही. ते राहून गेलेले उत्तर म्हणजेच हा लेख, असे वाचकांनी समजावे.

नोकरीच्या प्रारंभीच्या वर्षांत आम्ही शाळेची सहल घेऊन मुंबईस गेलो होतो. म्युझियम पाहून झाल्यावर मुलांना ओव्हल मैदानाच्या कडेला रांगेने उभे केले आणि समोरची विद्यापीठाची इमारत व राजाबाईचा मनोरा दाखविला. मनोऱ्यावर उंच कोनाड्यांत दगडी पुतळे आहेत, ते निरनिराळ्या जातिजमातींच्या लोकांचे आहेत, असे आम्ही वाचले होते. तेही मुलांना सांगितले. आपल्याच ज्ञातीतील एक चुणचुणीत मुलगा पुढे आला आणि मान वर करून म्हणाला, "गुरुजी, त्या वरच्या माणसांत आपलं कोण आहे?" मुले हसली. आम्हांस काही उत्तर सुचेना. "रांगेत उभा राहा," असे म्हणून आम्ही त्याला मागे पाठविले. शिक्षकाने असे करू नये, हे आम्हांस तेव्हाही कळत होते.

आता त्या वास्तूची हकीकत सांगू.

इंग्रजी अमदानीत १८५४ साली सर चार्ल्स वुड यांचा शिक्षणविषयक प्रसिद्ध खलिता आला आणि त्याला अनुसरून १८५७ साली कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. मुंबई विद्यापीठाचा कायदा त्या वर्षी १८ जुलै रोजी झाला. एकीकडे उत्तरेत बंडाचा वणवा पेटलेला, आणि दुसरीकडे विद्यापीठाची स्थापना, असा तो विलक्षण काळ होता. ह्या विद्यापीठांचा नमुना होता लंडन विद्यापीठाचा. त्यांनी शिकवावयाचे नव्हते. शिकविण्याचे काम कॉलेजांचे. विद्यापीठाने अभ्यासक्रम ठरवावा, परीक्षा घ्यावी आणि पदवी द्यावी. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे जी वास्तु उभी राहिली तिचे रहस्य येथे आहे. ह्या भव्य इमारतींत वर्गखोल्यांची ओळ कोठे दिसत नाही. एक पदवीदानाचे सभागृह, एक ग्रंथालय आणि एक घड्याळाचा मनोरा, एवढाच मूळचा पसारा. परीक्षा घेणाऱ्या संस्थेला वर्ग कशाला हवेत? मुंबई विद्यापीठाने स्वतः शिकविण्याचे स्वतंत्र विभाग काढले ते १९१९ पासून. त्यांत समाजशास्त्राचा विभाग प्रथम होता.

स्थापना झाली, पण विद्यापीठाला घर नव्हते. त्याचा कारभार टाऊन हॉलमध्ये, म्हणजे आज जेथे एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आहे तेथे चाले. पहिली प्रवेशपरीक्षा, जिला पुढे सर्वजण मॅट्रिक म्हणू लागले, ती १८५९ साली झाली. तीत उत्तीर्ण झालेल्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघे होते. १८६२ साली पहिले चार पदवीधर बाहेर पडले : रानडे, भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. अवघे चार! आज एकेका कॉलेजातून शेकड्यांनी पदवीधर बाहेर पडतात, तेव्हा हा आकडा वाचून हसू येईल. परंतु त्या चौघांनी महाराष्ट्रासाठी जे केले ते पाहिले म्हणजे हसू आवरते.

त्याच सुमारास मुंबई शहराचा कायापालट होत होता. सर बार्टल फ्रियर १८६२ साली गव्हर्नर झाले आणि त्यांनी मुंबईच्या जुन्या किल्ल्याचा तट पाडावयास प्रारंभ केला. तटाबाहेरचे एस्प्लनेडचे मोकळे मैदान त्यामुळे हाती आले. तेथे समुद्राकडे तोंड करून सरकारी व सार्वजनिक इमारतींची एक ओळच उभी करावी, असे ठरले. आज ओव्हल मैदानावरून पूर्वेकडे पाहिले असता दक्षिणेकडून प्रथम जुने सचिवालय, मग विद्यापीठाचे सभागृह, मग ग्रंथालय व मनोरा आणि त्यापुढे उच्च न्यायालय, अशी जी रांग दिसते, ती ह्या योजनेचे फळ होय. त्या काळी मैदानापलीकडे समुद्र लागत असे. पुढे विसाव्या शतकात भर घालून समुद्र मागे हटविण्यात आला आणि मैदानाच्या पश्चिमेस नव्या धर्तीच्या राहत्या इमारती आल्या.

जागा मिळाली, पैसा कोठून आला? येथे कापसाची कथा सांगावी लागते. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. मग मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. व्यापारी बघता बघता कोट्यधीश झाले. त्यांपैकी कावसजी जहांगीर रेडीमनी ह्या पारशी गृहस्थांनी १८६३ साली विद्यापीठाच्या सभागृहासाठी एक लाख रुपये दिले. प्रेमचंद रायचंद ह्या जैन व्यापाऱ्याने १८६४ साली ग्रंथालयासाठी दोन लाख दिले आणि त्यानंतर घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. मनोऱ्याला आपल्या आईचे, राजाबाईचे, नाव द्यावे, एवढीच त्यांची इच्छा होती. राजाबाईंची दृष्टी गेली होती आणि सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचा जैन नियम पाळता यावा म्हणून त्यांना घड्याळाच्या ठोक्यांचा उपयोग होई, अशी एक आख्यायिका सांगतात. आख्यायिका खरी असो वा नसो, मुंबईतील एवढा मोठा मनोरा एका आईच्या नावाने ओळखला जातो, ही गोष्ट गोड आहे.

पण पुढे काय झाले ते पाहा. १८६५ साली अमेरिकेतील युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला आणि त्यावर रचलेला शेअरबाजाराचा डोलारा जमीनदोस्त झाला. बँका बुडाल्या, पेढ्या बसल्या, घराणीच्या घराणी धुळीस मिळाली. स्वतः प्रेमचंद रायचंद यांचेही दिवाळे वाजले. त्या सट्ट्यात मिळविलेला बहुतेक पैसा जसा आला तसाच गेला. जो पैसा विद्येसाठी वेगळा काढून दिला होता तेवढा मात्र राहिला, कारण तो आता त्यांचा नव्हता, विद्यापीठाचा होता. प्रेमचंद त्यानंतर चाळीस वर्षे जगले आणि १९०६ साली वारले. बुडालेल्या संपत्तीतून वाचलेला आपला मनोरा त्यांना रोज दिसत असे. ज्ञातीच्या विद्यानिधीसाठी वर्गणी मागताना आपले कार्यकर्ते नाना दाखले देतात. आमच्या मते ह्याहून मोठा दाखला नाही.

इमारतीचे नकाशे करण्याचे काम इंग्लंडमधील त्या काळचे अग्रगण्य वास्तुतज्ज्ञ सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांच्याकडे गेले. लंडनचे सेंट पँक्रस स्टेशनावरील हॉटेल, अल्बर्ट स्मारक आणि ग्लासगो विद्यापीठाची इमारत ही त्यांचीच कामे. स्कॉट हिंदुस्थानात कधीही आले नाहीत. नकाशे लंडनहून बोटीने आले आणि येथील लष्करी इंजिनिअर जेम्स फुलर यांच्या देखरेखीखाली काम झाले. सभागृह १८७४ साली पुरे झाले. ग्रंथालय आणि मनोरा यांची कोनशिला १ मार्च १८६९ रोजी बसली आणि काम नोव्हेंबर १८७८ मध्ये संपले. स्कॉट त्याच वर्षी मार्च महिन्यात निवर्तले. ज्या मनोऱ्याने त्यांचे नाव पूर्वेकडे राहिले, तो त्यांनी कागदावरच पाहिला. १८८० च्या फेब्रुवारीत ग्रंथालय वापरासाठी खुले झाले.

आता वास्तूकडे वळू. ह्या शैलीला गॉथिक म्हणतात. ती युरोपातील मध्ययुगीन चर्चची शैली. व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडात तिचे पुनरुज्जीवन झाले आणि तेथून ती मुंबईस आली. तिचे मुख्य लक्षण टोकदार कमान. आपल्या ज्ञातीचा पिढीजात धंदा दगडाचा, म्हणून हे थोडे विस्ताराने सांगण्याचा मोह आम्हांस आवरत नाही. आपल्याकडील जुन्या हेमाडपंती देवळांत खांबावर आडवी तुळई ठेवून किंवा चिरा चिऱ्याच्या पुढे काढीत छत साधलेले असते. दगड दाबाला बळकट, पण ताणाला कच्चा. म्हणून आडवी तुळई फार लांब नेता येत नाही. कमानीत प्रत्येक चिरा शेजारच्या चिऱ्यावर दाब देतो आणि सारा भार दोन्ही बाजूंच्या पायांवर उतरतो. अर्धगोल कमान आपले पाय बाहेरच्या बाजूस फार ढकलते. टोकदार कमानीचा रेटा अधिक उभा खाली जातो. त्यामुळे ती उंच नेता येते आणि भिंतीत मोठमोठ्या खिडक्या ठेवता येतात. उरलेला बाहेरचा रेटा पेलण्यासाठी भिंतीला बाहेरून दगडी धिरे देतात. सभागृहाच्या बाहेर उभे राहून पाहिले तर हे धिरे ओळीने दिसतात. अजाण माणसाला ती शोभा वाटते. दगडात काम केलेला माणूस ओळखतो की, ते काढले तर भिंत बाहेर झुकेल.

सभागृह १०४ फूट लांब, ४४ फूट रुंद आणि छताच्या शिखरापर्यंत ६३ फूट उंच आहे. त्याची घडण पंधराव्या शतकातील फ्रेंच धर्तीवर केली आहे. आत तीन बाजूंनी लोखंडी नक्षीदार ब्रॅकेटांवर तोललेला सज्जा आहे. एका टोकाला वीस फूट व्यासाची चक्राकार खिडकी असून तिच्या भोवतालच्या रंगीत काचांत बारा राशींची चित्रे आहेत. विलायती चर्चच्या घाटाच्या खिडकीत मेष, वृषभ, मिथुन पाहून आमच्या सहलीतील मुले फार हरखली होती. रंगीत काचांचा केवळ दिखाव्यापुरता उपयोग नाही. आपल्याकडील प्रखर ऊन त्यांतून गाळून, सौम्य होऊन आत येते.

ग्रंथालयाची इमारत त्या मानाने बसकी व लांबट असून चौदाव्या शतकाच्या गॉथिक घाटाची आहे. खाली कमानींच्या ओवऱ्या, वर वाचनाचे दालन, आणि कोपऱ्यांना उघडे, गोल फिरत जाणारे दगडी जिने. स्कॉट यांनी मुंबईचा उन्हाळा कधी भोगला नव्हता. परंतु नकाशे करताना हवामानाचा विचार मात्र केलेला दिसतो. पश्चिमेच्या बाजूस खोल ओवऱ्या ठेवल्यामुळे ऊन थेट भिंतीवर येत नाही, समुद्रावरचा वारा खेळतो आणि पावसाळ्यात झड आत येत नाही. जिने उघडे ठेवल्याने तेथेही वारा राहतो. परक्या देशाचा घाट, पण आपल्या देशाचा वारा, असा तो मेळ आहे.

दगड मात्र येथलाच. भिंतींसाठी कुर्ल्याच्या खाणीतला पिवळसर दगड आणि बारीक कोरीव कामासाठी काठेवाडातील पोरबंदरचा मऊ चुनखडी दगड, ही त्या काळच्या मुंबईची रीत. सह्याद्रीचा काळा दगड टिकण्याला अजोड, पण त्यावर पानाफुलांची नाजूक वेल काढावयाची म्हणजे टाकीची धार एका दिवसात बोथट व्हावी. पोरबंदरचा दगड लोण्यासारखा कापता येतो आणि हवेत राहून पुढे टणक होतो. म्हणून खांबांच्या माथ्यांवरील पाने, पक्षी, माणसांची व जनावरांची तोंडे त्यात कोरली. ती तोंडे पाहण्यासारखी आहेत. काही हसरी, काही वेडावणारी.

मनोरा २८० फूट उंच असून तो पुरा झाला तेव्हा मुंबईत त्याहून उंच इमारत नव्हती. तळाशी गाडी उभी राहण्याची कमानदार देवडी आहे. तेथपासून ६८ फुटांवरील पहिल्या सज्ज्यापर्यंत तो चौकोनी आहे. त्यावर तो अष्टकोनी होतो आणि निमुळता होत शिखरास जातो. चौकोनावरून अष्टकोनावर येण्याची ही युक्ती आपल्या देवळांच्या शिखरांत आणि विजापूरच्या घुमटांतही आहे. बांधकामाचे शास्त्र कोणा एका देशाचे नव्हे, हे त्यावरून कळते. वर घड्याळ आणि सोळा घंटा. आरंभी त्या घंटांवर सोळा सुरावटी वाजत. त्यांत इंग्लंडच्या राणीसाठी केलेली प्रार्थनाही होती. राज्य गेले, त्या प्रार्थनेचे दिवसही गेले. मनोऱ्याला एकंदर साडेपाच लाखांच्या आसपास खर्च आला, म्हणजे देणगीहून पुष्कळ अधिक.

आता आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येतो. मनोऱ्याच्या पहिल्या सज्ज्यावरील कोनाड्यांत आठ आणि त्याहून वर सोळा, असे एकूण चोवीस पुतळे आहेत. पश्चिम हिंदुस्थानातील जातिजमातींचे नमुने म्हणून ते घडविले. कच्छी, राजपूत, पारशी, गुजराती वाणी असे त्यांत आपापल्या पागोट्या-पोशाखांत उभे आहेत. विशेष असे की, ह्या पुतळ्यांचे नमुने स्कॉट यांनी पाठविले नव्हते. ते येथील असिस्टंट इंजिनिअर रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी केले. एवढ्या विलायती इमारतीवर एका देशी माणसाची ही स्वतंत्र कामगिरी आहे, आणि त्यांचे नाव महाराष्ट्रात फारसे कोणी घेत नाही, ही खेदाची गोष्ट होय.

जातींचेच पुतळे का केले असावेत? तो काळच तसा होता. सरकार देशातील लोकांची मोजदाद करू लागले होते. १८७१-७२ साली पहिली मोठी खानेसुमारी झाली आणि तीत जातवार आकडे मांडले गेले. लोकांची छायाचित्रे घेऊन, अमुक जातीचा नमुना असा, अशी पुस्तके निघत होती. परक्या राज्यकर्त्याला माणूस दिसत नसे, नमुना दिसे. आम्हांस वाटते की, मनोऱ्यावरील पुतळे थोडे त्याच दृष्टीने उभे आहेत. त्यांना पागोटे आहे, पण नाव नाही.

ह्याच वेळी पुण्यात एक पुरुष ह्या साऱ्या डोलाऱ्याकडे फार वेगळ्या नजरेने पाहत होता. महात्मा जोतीराव फुले स्वतः बांधकामाचे ठेकेदार होते. दगड, चुना आणि मजुरी यांचा हिशेब त्यांना तोंडपाठ होता. १८८२ साली हंटर कमिशनपुढे त्यांनी निवेदन दिले. त्यात त्यांचे म्हणणे असे की, सरकारचा महसूल शेतकऱ्यांच्या व कष्टकऱ्यांच्या घामातून येतो, आणि शिक्षणावरील खर्च मात्र वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर होतो. तेव्हा बारा वर्षांपर्यंतच्या मुलांचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे आणि त्यावर अधिक पैसा लावावा. मनोरा पुरा होऊन त्या वेळी चारच वर्षे झाली होती.

आम्ही प्राथमिक शिक्षक होतो. पावसाळ्यात वर्गात कोठे कोठे पाणी गळते हे फळ्यापेक्षा आम्हांस अधिक पाठ असे. मुलांना ह्या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात हलवीत आम्ही अनेक पावसाळे काढले. म्हणून खरे सांगावयाचे तर, जोतीरावांचे म्हणणे वाचल्यावर कित्येक वर्षे आम्हांस राजाबाईचा मनोरा पाहून आनंदापेक्षा रागच येई. एका घड्याळाला साडेपाच लाख, आणि खेड्यातील शाळेला कौले नाहीत! मनोऱ्याचा पैसा सट्टेवाल्याने दिला होता, सरकारने नव्हे, हे खरे. पण तो ज्या कापसातून निघाला तो कापूस पिकविणारा कोण होता? विदर्भ-खानदेशातील शेतकरीच ना?

हा राग निराधार नव्हता, आणि आजही आम्ही तो पुरता सोडलेला नाही. परंतु त्या वास्तूचा पुढचा इतिहास जसजसा वाचनात आला, तसतसे दुसरी बाजूही पाहावी लागली. दार बांधणाऱ्याने ते कोणासाठी बांधले, ही एक गोष्ट; त्यातून पुढे कोण आत गेले, ही दुसरी. १८८३ साली ह्या विद्यापीठाने आपल्या नियमांतील पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचाही समावेश समजावा, असे ठरवून स्त्रियांना पदवीचा मार्ग मोकळा केला, आणि त्या दशकातच पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून कॉर्नेलिया सोराबजी ह्या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर झाल्या. १८५९ च्या पहिल्या परीक्षेस बसलेले भांडारकर १८९३ साली ह्याच विद्यापीठाचे कुलगुरु झाले. त्यांच्या आधी त्या पदावर काशिनाथ त्र्यंबक तेलंग होते, ते पहिले हिंदी कुलगुरु. आणि ज्यांना शाळेत वर्गाबाहेर, गोणपाटावर बसावे लागले होते, ते डॉ. भीमराव आंबेडकर १९०७ साली ह्याच विद्यापीठाची मॅट्रिक उत्तीर्ण झाले आणि १९१२ साली बी. ए. झाले. पुढे १९४६ साली त्यांनी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले, तेही ह्याच विद्यापीठाशी संलग्न. मनोऱ्यावरील चोवीस जणांत ज्यांना कोणी उभे केले नाही, ते खालच्या दारातून आत गेले.

मात्र हे दार आपोआप उघडले नाही. कोल्हापुरात छत्रपती शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहे काढली नसती, तर खेड्यातला मुलगा परीक्षेच्या दालनापर्यंत पोहोचलाच नसता. तेव्हा जातवार संस्था म्हटली की जे नाक मुरडतात, त्यांनी हा इतिहास वाचावा; आणि जातवार संस्था म्हणजे केवळ मिरवण्याची जागा असे ज्यांना वाटते, त्यांनीही वाचावा. वसतिगृहात जात विचारून जागा मिळाली, ती परीक्षेच्या बाकावर जात न विचारली जावी म्हणून. आपल्या संस्थेचेही प्रयोजन तेवढेच आहे, अशी आमची समजूत आहे.

दगडाचा धंदा आपला, म्हणून हा मनोरा आपल्याच ज्ञातीने घडविला, असा दावा आम्ही करणार नाही. तसे लिहिले असते तर कित्येक वाचक प्रसन्न झाले असते. परंतु इतिहासात प्रसन्नतेसाठी भर घालू नये. त्या काळी मुंबईच्या बांधकामांवर अनेक प्रांतांतून आलेले गवंडी, पाथरवट, सुतार, कामाठी राबत होते. इतके मात्र निश्चित की, लंडनहून बोटीने आला तो कागद. पानाफुलांची वेल, वेडावणारी तोंडे आणि चिऱ्याला चिरा भिडवणारा सांधा हे येथल्या हातांचे काम आहे. देणगी देणाऱ्यांची नावे इमारतींना मिळाली. हातांची नावे देण्याची त्या काळी चाल नव्हती.

ह्या वास्तूची पुढील काळात हेळसांड झाली होती, तीही सांगितली पाहिजे. समुद्राची खारी हवा, धूर आणि पाऊस यांनी दगड काळवंडला होता, काचा निखळल्या होत्या. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सभागृहाचा जीर्णोद्धार झाला आणि त्यानंतर ग्रंथालय व मनोरा यांचाही झाला. २०१८ साली युनेस्कोने ओव्हल मैदानाभोवतालच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींच्या समूहाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यात एकंदर ९४ इमारती आहेत आणि त्यांत ही वास्तु अग्रभागी आहे. विद्यापीठाचे नाव १९९६ साली बदलून मुंबई विद्यापीठ झाले, बराचसा कारभार कलिन्यास गेला. पण विद्यापीठ म्हटले की डोळ्यांपुढे उभा राहतो तो हाच मनोरा.

आणखी एक गोष्ट आम्हांस फार उशिरा ध्यानात आली. ह्या इमारतीच्या पश्चिमेस, मैदान आणि विद्यापीठ यांच्यामधून जो रस्ता जातो, त्याला पूर्वी एका व्हाइसरॉयचे नाव होते. आज त्याचे नाव कर्मवीर भाऊराव पाटील मार्ग असे आहे. ज्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, गरिबांच्या पोरांना गोळा करून, प्रसंगी झाडाखाली बसवून शिकविले, त्यांच्या नावाच्या रस्त्यावर उभे राहिल्याशिवाय राजाबाईचा मनोरा नीट दिसत नाही. आमच्या मुलांची रांग त्या दिवशी त्याच रस्त्याच्या कडेला उभी होती.

गेल्या वर्षी आम्ही पुन्हा तेथे गेलो. ज्या विद्यार्थ्याला आम्ही रांगेत मागे पाठविले होते, त्याची कन्या विद्यापीठात उच्च अभ्यास करते. तिनेच आम्हांस नेले. तिचा बापही बरोबर होता. त्याचे केस आता पांढरे होऊ लागले आहेत. आम्ही त्याला त्याचा जुना प्रश्न आठवतो का, असे विचारले. तो हसला आणि म्हणाला, "गुरुजी, मला तर आठवतही नाही." आम्ही मात्र तीस-पस्तीस वर्षे तो प्रश्न बाळगून होतो! मग आम्ही त्याला ओवरीतील एका खांबाजवळ नेले आणि दोन चिऱ्यांमधला सांधा दाखविला. त्याने त्यावरून अंगठा फिरविला. त्याच्या आजोबांनी पाटे-वरवंटे घडविले होते, बापाने देवळाच्या पायऱ्या. सांधा कसा ओळखावा हे त्याला सांगावे लागले नाही. "काम चोख आहे," एवढेच तो म्हणाला. वरचे पुतळे त्या वेळी आम्ही कोणीच पाहिले नाहीत.

ज्ञातिबंधु-भगिनींना आमची नम्र विनंती एवढीच. मुंबईस गेलात म्हणजे मुलाबाळांना ही वास्तु अवश्य दाखवा. ती पाहताना परक्यांनी बांधली म्हणून तिरस्कार नको आणि विलायती म्हणून भारावून जाणेही नको. कमान कशी उभी आहे, भार कोठून कोठे उतरतो, हे त्यांना समजावून सांगा. पैसा कोठून आला आणि कोण आत गेले, हेही सांगा. मुलाने अवघड प्रश्न विचारला तर आमच्यासारखे त्याला रांगेत मागे पाठवू नका. आपल्या संस्थेच्या कार्यालयातील मागची खोली सध्या जुन्या खुर्च्या आणि मंडपाचे सामान ठेवण्यास वापरली जाते. तेथे दोन टेबले, चार दिवे आणि एक पुस्तकांचे कपाट ठेवून परीक्षेच्या दिवसांत मुलांना बसावयास जागा करून द्यावी, असा ठराव आगामी वार्षिक सभेत आम्ही मांडणार आहो. कपाटाचा खर्च आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून देऊ. टेबलांची व दिव्यांची व्यवस्था ज्ञातिबांधवांनी करावी, अशी प्रार्थना करून हा लेख पुरा करतो.